मी उभा कुठं, माझं घर कुठं?

१. शेजारची फाइल दिसंना

लातूरच्या मोंढ्यात ओळखीच्या एका आडत दुकानासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. काम साधं होतं. शेतकऱ्याचं सोयाबीन काट्यावर आलं की वजन आणि भाव टाकायचा, प्रोग्रॅमनं हमाली-तोलाई वजा करून पट्टी छापायची. हमालीचे दर बदलत राहतात, म्हणून ते प्रोग्रॅमच्या पोटात न ठेवता 'हमाली' नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवले होते. ती फाइल प्रोग्रॅमच्या शेजारीच, त्याच फोल्डरात. पंधरा दिवस पट्ट्या सुरळीत निघाल्या. मग मालकांच्या मुलानं हौसेनं विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये नोंद घातली, की रोज सकाळी नऊला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा. दुसऱ्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी मुनीमजींचा फोन.

"सर, पट्टी निघंना झालीय. हमालीची फाइल सापडत नाही म्हणायलाय."

"फाइल कुणी हलवली का?"

"कोण हलवंल? त्याच्या शेजारीच हाय की! मला दिसायलीय, मग त्याला कशी दिसंना?"

मुनीमजींनी अगदी नेमकं विचारलं होतं. आपण फाइल एक्सप्लोररमध्ये बघतो तेव्हा प्रोग्रॅम आणि त्याची फाइल एकाखाली एक दिसतात. पण प्रोग्रॅमला स्वतःला आपण कुठल्या फोल्डरात राहतो हे माहीत असतं का? बहुतेकांना वाटतं, असणारच. स्वतःचं घर कुणाला ठाऊक नसतं? प्रोग्रॅमला नसतं. त्याला ते दुसऱ्याला विचारावं लागतं, आणि कुणाला विचारायचं यातच सगळी मेख आहे.

२. पोथी आणि पारायण

आधी एक फरक लक्षात घेऊ. डिस्कवर पडलेली प्रोग्रॅमची फाइल आणि चालू असलेला प्रोग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवघराच्या कपाटात पोथी असते. ती तिथं वर्षभर गप्प पडून असते. श्रावणात कुणीतरी ती काढतं, पाटावर ठेवतं आणि वाचायला लागतं, ते पारायण. पोथी एकच असली तरी पारायणं कितीही होतात.

तुम्ही चिन्हावर डबल-क्लिक करता तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, फाइलीतला मजकूर मेमरीत आणते आणि प्रोसेसरला सांगते, कर सुरुवात. यापुढं जे चालतं ते पारायण. ओव्यांमध्ये काय लिहिलंय ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं, पण ही पोथी कुठल्या कपाटातून, कुठल्या फळीवरून आली हे पोथीच्या कुठल्याच पानावर छापलेलं नसतं. छापून उपयोगही नाही. उद्या पोथी लेकीच्या सासरी गेली तर छापलेला पत्ता खोटा ठरेल.

प्रोग्रॅमचंही तसंच. तुम्ही तो पेनड्राइव्हवर घ्या, नांदेडच्या दुकानात नेऊन चिकटवा. त्याच्या आतलं एक अक्षर बदलत नाही. म्हणजे पत्ता आत असूच शकत नाही. तो बाहेरूनच मिळायला हवा.

३. गंजगोलाईतला तिसरा रस्ता

मग पंधरा दिवस ते कसं चाललं? प्रोग्रॅमला घर माहीत नसलं तरी दुसरी एक गोष्ट न विचारता माहीत असते. ती म्हणजे तो आत्ता कुठं उभा आहे. चालू प्रोग्रॅमच्या नावावर ऑपरेटिंग सिस्टिम एक फोल्डर लावून ठेवते. त्याला चालू फोल्डर म्हणू. प्रोग्रॅमनं नुसतं 'हमाली उघड' म्हटलं, बाकी पत्ता दिला नाही, तर सिस्टिम ती फाइल त्या चालू फोल्डरात शोधते.

लातूरच्या माणसाला हे गंजगोलाईवरून चटकन कळेल. मधोमध गोल इमारत, भोवती बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. तुम्ही एखाद्याला फोनवर सांगितलंत, 'उजवीकडचा तिसरा रस्ता घे', तर तो कुठल्या गल्लीत शिरेल? सांगता येत नाही. आधी तो गोलाईच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते कळलं पाहिजे. सराफ्याकडं तोंड करून उभा असेल तर एक गल्ली, पाठ करून असेल तर दुसरीच. तुमची सूचना चुकीची नाही, अर्धवट आहे. उरलेला अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या पायाखाली आहे.

आता आमच्या दुकानातला हिशेब मांडून बघू. प्रोग्रॅम राहतो डी ड्राइव्हवरच्या 'आडत' फोल्डरात.

मुनीमजी फोल्डर उघडून डबल-क्लिक करत. अशा वेळी विंडोज प्रोग्रॅमला त्याच्याच फोल्डरात उभं करतं. 'हमाली' शोधली, मिळाली.

टास्क शेड्यूलरनं सुरू केलं. त्यात 'कुठून सुरू करायचं' असा एक रकाना असतो. तो मुलानं रिकामा सोडला होता. रिकामा असला की विंडोज प्रोग्रॅमला आपल्या स्वतःच्या सिस्टिम३२ या फोल्डरात उभं करतं. 'हमाली' शोधली ती सी ड्राइव्हवर, विंडोजच्या हजारो फाइलींच्या गर्दीत. तिथं कशी मिळणार?

लिनक्सवर ठरल्या वेळी कामं सुरू करणारा क्रॉन असाच दगा देतो. तो प्रोग्रॅमला वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात उभं करतो. 'हातानं चालवलं तर चालतं, रात्री आपोआप चालत नाही' ही तक्रार कुठंही ऐकली, की मी पहिल्यांदा याच ठिकाणी बघतो. दहातल्या सात-आठ वेळा तिथंच सापडतं. हा माझा अनुभव, कुणी मोजणी केलेली नाही.

४. पत्ता कोरून टाकला तर?

मालकांच्या मुलानं उपाय सुचवला. "सर, सरळ पूर्ण पत्ताच लिहून टाका ना. डी ड्राइव्ह, आडत, हमाली." उपाय चालतो, पण घर हलेपर्यंतच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर औसा, निलंगा, उमरग्याच्या पट्ट्यातली कितीतरी गावं मूळ जागेवरून उठून दुसरीकडं वसली. त्यातल्या किल्लारीचंच घ्या. गावाचं नाव तेच राहिलं, पण जागा बदलली. त्या भागात बोलताना लोक अजूनही जुनं गाव की नवं, हे आधी विचारून घेतात. जागा डोक्यात पक्की बसलेला माणूस जुन्या गावाच्या वाटेला लागला, तर तो रस्ता चुकला असं म्हणता येत नाही. त्याच्याजवळची माहिती तेवढी जुनी.

प्रोग्रॅममध्ये कोरलेला पत्ता असाच जुना होतो. दुकानात नवा कॉम्प्युटर येतो, त्याला डी ड्राइव्हच नसतो. मी तो उपाय नाकारला आणि त्याहून शहाणा म्हणून जो केला, तोही आठवडाभरातच फसला.

५. हाक मारणारा सांगेल ते नाव

सी भाषेत लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या हातात शब्दांची एक यादी येते. तिला आर्गव्ही म्हणतात. यादीतला पहिला शब्द, ज्याचा क्रमांक शून्य असतो, म्हणजे प्रोग्रॅमचं स्वतःचं नाव. डबल-क्लिक केलं की विंडोज तिथं बहुतेक वेळा पूर्ण पत्ता घालून देतं. मी छापून बघितलं, 'डी ड्राइव्ह, आडत, पट्टी' असं छान दिसलं. म्हटलं, झालं काम. शेवटचा शब्द काढला की उरतं ते घर.

मुलानं मग एक बॅच फाइल, म्हणजे विंडोजला द्यायच्या आज्ञांची साधी फाइल, केली आणि तिच्यात नुसतं 'पट्टी' एवढंच लिहिलं. विंडोजकडं फोल्डरांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. नुसतं नाव सांगितलं तर ते त्या यादीतलं एकेक फोल्डर धुंडाळतं. त्यानं 'आडत' फोल्डर त्या यादीत आधीच घातलं होतं, म्हणून प्रोग्रॅम सुरू झाला. पण त्याच्या हातातल्या यादीत शून्याच्या जागी काय आलं? 'पट्टी'. पत्ता नाहीच. पुन्हा फाइल सापडेना.

चूक माझी होती. आर्गव्हीतलं ते नाव हा पत्ता नव्हे, ती हाक आहे. हाक मारणारा काय म्हणेल ते त्याच्या मनावर. शाळेच्या हजेरीत 'पांडुरंग विठ्ठलराव' असतं, घरी 'पांड्या' आणि तालमीत 'पैलवान'. तिन्ही वेळा 'ओ' देणारा माणूस एकच, पण यातल्या कुठल्याही हाकेवरून त्याचं घर सापडत नाही. हाक मारणारा मुद्दाम खोटंही नाव घेऊ शकतो. त्याला अडवणारा कुणी नाही.

काही प्रोग्रॅम या हाकेचा खुबीनं उपयोग करतात. घरोघरी जे वायफाय राउटर असतात त्यांतल्या पुष्कळांच्या आत बिझीबॉक्स नावाचा प्रोग्रॅम असतो. फाइल एकच, पण तिला नावं अनेक. यादी दाखवण्याच्या नावानं हाक मारली तर तो फाइलींची यादी दाखवतो, नक्कल करण्याच्या नावानं मारली तर नक्कल करतो. शून्य क्रमांकाचा शब्द बघून तो आज आपण कोण आहोत ते ठरवतो. बहुरूप्यासारखं.

६. तलाठ्याकडं चला

मग खात्रीचं कोण सांगणार? ज्यानं पोथी कपाटातून काढली तोच. ऑपरेटिंग सिस्टिमनं फाइल उघडल्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होऊ शकत नाही, म्हणजे तिच्या दप्तरी नोंद असणारच. जमिनीचं खरं-खोटं करायचं झालं तर आपण शेजाऱ्याच्या शब्दावर राहत नाही, तलाठ्याकडं जाऊन सातबारा काढतो. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच.)

ही सोय पहिल्यापासून नव्हती. १९८४ साली विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिमची ३.० आवृत्ती आली, तेव्हापासून डॉस प्रोग्रॅमला त्याचा पूर्ण पत्ता एका ठरलेल्या जागी लिहून देऊ लागलं. विंडोजमध्ये त्यासाठी गेट मॉड्यूल फाइल नेम नावाचं फंक्शन आहे. फंक्शन म्हणजे सिस्टिमला विचारायचा ठरावीक प्रश्न. मॅकवरही असाच प्रश्न आहे, वेगळ्या नावाचा.

लिनक्सची तऱ्हा मला सगळ्यात आवडते. तिथं प्रॉक नावाचं एक फोल्डर दिसतं, पण ते डिस्कवर नसतंच. कुणी उघडून बघितलं की सिस्टिम त्या क्षणी त्यातला मजकूर तयार करून दाखवते. त्यात सेल्फ नावाची एक जागा आहे. जो प्रोग्रॅम ती उघडेल त्याला तिथं स्वतःचीच माहिती दिसते, आरशासारखी. त्या सेल्फमध्ये एक्सई नावाचा दुवा असतो. तो कुठं जातो हे वाचलं की घर सापडलं. आणि एखाद्या चालू प्रोग्रॅमची फाइल कुणी पुसून टाकली, तर तोच दुवा जुना पत्ता देतो आणि पुढं कंसात 'पुसली' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द जोडतो. पारायण चालूच आहे, पण कपाट रिकामं आहे, हेही दप्तर प्रामाणिकपणे सांगतं.

एक बारीक गाठ इथं आहे. एकाच जमिनीला घरातला एक जण 'आंब्याचं वावर' म्हणतो, दुसरा 'आखाड्याचं रान', आणि सातबाऱ्यावर असतो गट नंबर. लिनक्समध्ये एका फाइलीला अशी दोन-तीन तितकीच खरी नावं असू शकतात, वेगवेगळ्या फोल्डरांत. आत तिची ओळख एका क्रमांकानं असते, आयनोड त्याचं नाव. अशा फाइलीला 'तुझं खरं घर कुठलं' हा प्रश्नच नीट बसत नाही. सिस्टिम ज्या नावानं ती उघडली ते नाव सांगते. बहुतेक वेळा आपलं तेवढ्यावर भागतं.

७. पारायण करणाऱ्याचं घर

नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला राहणाऱ्या, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलीनं हे सगळं ऐकून शंका काढली होती. "सर, मी पायथनमध्ये लिहिते. सिस्टिमला पत्ता विचारला तर ती माझ्या फाइलीचा सांगतच नाही. पायथनचाच सांगते."

सिस्टिम बरोबरच सांगते. पायथनमध्ये तुम्ही लिहिलेली फाइल नुसता मजकूर असते. सिस्टिमनं सुरू केलेला प्रोग्रॅम म्हणजे पायथन, आणि तो तुमची फाइल वाचत बसतो. सिस्टिमला घर विचारलंत तर ती वाचणाऱ्या महाराजांचं घर सांगणार, पोथीच्या कपाटाचं नव्हे. पोथी कुठून घेतली ते महाराजांनाच विचारलं पाहिजे. त्यासाठी पायथन प्रत्येक फाइलीला एक नाव तयार करून देतो. फाइल हा इंग्रजी शब्द, पुढं दोन आणि मागं दोन अधोरेषा. जावा, नोड अशा सगळ्यांकडं आपापली सोय आहे.

तिचं काम त्यानं झालं. महिन्याभरानं पुन्हा आली. प्रोग्रॅम मित्रांना वाटायचा म्हणून तिनं पायइन्स्टॉलर वापरून पायथनसकट सगळं एकाच फाइलीत बांधलं होतं. आता त्या अधोरेषावाल्या नावातून दर वेळी निराळाच पत्ता येत होता, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरातला. कारण असं की अशी गाठोड्याची फाइल सुरू झाली की आधी स्वतःला एका तात्पुरत्या फोल्डरात सोडते, तिथून काम करते आणि संपल्यावर ते फोल्डर मोडून टाकते. आपल्याकडचे ऊसतोडीला जाणारे फडाजवळ कोपी घालतात आणि पट्टा पडला की मोडतात, तसंच. कोपीत राहणाऱ्याला 'कुठं राहता' विचारलं तर तो कोपी दाखवील, आणि तेही खरंच आहे. गाव विचारायचं असेल तर प्रश्न वेगळा करावा लागतो. अशा बांधलेल्या प्रोग्रॅमसाठी तो प्रश्न आहे सिस-एक्झिक्युटेबल. तिला दोन्ही लागत होते. सोबत बांधलेली चित्रं कोपीत होती आणि वापरणाऱ्याच्या नोंदी गावाकडं.

८. 'दिवाळी' नावाचं फोल्डर

मोंढ्यात परत येऊ. गेट मॉड्यूल फाइल नेम वापरल्यावर मी निर्धास्त झालो. डबल-क्लिक करा, शेड्यूलरनं उठवा, बॅच फाइलीतून बोलवा, पट्टी निघत होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजनासोबत कॉम्प्युटरलाही कुंकू लागलं आणि मालकांनी नव्या हंगामासाठी नवं फोल्डर केलं. नाव दिलं, अस्सल देवनागरीत, 'दिवाळी'. प्रोग्रॅम आणि हमालीची फाइल दोन्ही त्यात हलवली.

फोन आलाच. या वेळी मी प्रोग्रॅमला सापडलेला पत्ता पडद्यावर छापायला लावला. डी ड्राइव्ह बरोबर. फोल्डराच्या जागी सहा प्रश्नचिन्हं.

सहाच का? 'दिवाळी' कॉम्प्युटर असा मोजतो: द, वेलांटी, व, काना, ळ, वेलांटी. प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक. म्हणजे सहा. 'लातूर' केलं असतं तर पाच प्रश्नचिन्हं आली असती, 'नांदेड' केलं असतं तर पुन्हा सहा.

विंडोजमध्ये अशा फंक्शनांच्या दोन आवृत्त्या असतात. एकीच्या नावाच्या शेवटी ए, दुसरीच्या डब्ल्यू. ए-वाली जुनी. ती उत्तर देताना कॉम्प्युटरवर लावलेल्या जुन्या अक्षरसंचात जे बसेल तेवढंच देते, न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह. रशियन, ग्रीक, अरबी, थाई या लिप्यांना विंडोजनं असे जुने संच दिले होते. देवनागरीला कधीच दिला नाही. मराठी-हिंदी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक अक्षरसंचातून. त्यामुळं रशियन माणसाचा जुना प्रोग्रॅम रशियन फोल्डरात निदान त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर तरी चालायचा. मराठी फोल्डरात आपला जुना प्रोग्रॅम कुठल्याच कॉम्प्युटरवर चालायचा नाही. गंमत अशी की विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह घालायला मनाई आहे. म्हणजे प्रोग्रॅमला मिळालेला पत्ता नुसता चुकीचा नव्हता, तसा पत्ता असूच शकत नव्हता.

'फोल्डरला इंग्रजीत नाव द्या' असा सल्ला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे अजून देतात, तो या जुन्या जखमेमुळं. मला तो सल्ला आवडत नाही. दुकान त्यांचं, वही त्यांची, फोल्डराचं नावही त्यांच्याच भाषेत असावं. दुरुस्ती माझ्या बाजूला होती आणि ती एका अक्षराची होती: ए काढून डब्ल्यू. (खरं तर ओळीभोवतीचं आणखी बरंच बदलावं लागलं, पण मुख्य ते.) २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये प्रोग्रॅम आधीच जाहीर करू शकतो की मला युनिकोडच द्या, मग ए-वालीही नीट उत्तर देते.

लिनक्सला ही अडचण नाही, पण त्याची दुसरी आहे. तिथं बहुतेक ठिकाणी एका फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. २५५ भागिले ३, म्हणजे ८५ चिन्हं, काना-मात्रा वेगळ्या धरून. 'दिवाळी' अठरा बाइट खाते. रोजच्या नावांना ८५ पुष्कळ झाली, पण सरकारी परिपत्रकाचं अख्खं शीर्षक फाइलीला देणाऱ्यांनी जपून.

९. पत्ता कळला, पण तिथं लिहायचं का?

पुढच्या वर्षी दुकानात नवा कॉम्प्युटर आला. बसवणाऱ्यानं माझा प्रोग्रॅम रीतसर प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरात टाकला आणि दोन लॉगिन केले, एक मालकांचा, एक मुनीमजींचा. हंगामाच्या तोंडावर हमालीचे दर वाढले. मालकांनी स्वतः बसून नवे दर भरले, पट्टी काढून बघितली, बरोबर आली. दुपारी मुनीमजींनी काढलेल्या पट्ट्यांवर जुनेच दर. हमालांचे मुकादम दारात येऊन उभे राहिले.

"मालकानं दर भरले म्हणत्यात आन् कागदावर जुनंच. हे काय खरं नाही बरं का."

फाइल एक, प्रोग्रॅम एक, पत्ताही बरोबर. मग दोघांना दोन दर कसे दिसले?

प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. पण जुने प्रोग्रॅम तर शेजारीच लिहायचे, ते सगळे बंद पडले असते. म्हणून व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजनं एक पळवाट ठेवली. जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमनं तिथं लिहायचा प्रयत्न केला तर नकार द्यायचा नाही. गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरात, व्हर्च्युअल स्टोअरमध्ये, नक्कल करायची आणि तिच्यात लिहू द्यायचं. वाचतानाही त्याला तीच नक्कल दाखवायची. मालकांना त्यांची नक्कल दिसत होती, मुनीमजींना मूळ फाइल. प्रोग्रॅम बिचारा दोघांनाही 'मी शेजारच्या फाइलीतून वाचतोय' असंच सांगत होता.

इतके दिवस मी घर शोधायच्या मागं होतो, आणि शेजारी लिहायचं हा हट्टच चुकीचा होता. बदलणारे दर मी तिथून काढले आणि प्रोग्रॅमडेटा या सगळ्यांच्या सामाईक फोल्डरात नेले, दोन्ही लॉगिनना तिथं लिहायची परवानगी देऊन. शेजारी ठेवलं ते फक्त पट्टीवर छापायचं गणपतीचं चित्र, जे कुणी बदलत नाही.

मुकादमांनी नव्या पट्टीवरची हमाली बोटानं चाचपली, मुनीमजींकडून मोठ्यानं वाचून घेतली, आणि त्या दुपारच्या सगळ्या जुन्या पट्ट्या परत काढून मागितल्या. त्या काढता काढता काट्यावरचे दिवे लागले.